एकट्याची शपथ, चौघांची सभा

नारायण पेठेत संध्याकाळी माणूस पायात चपला सरकवून बाहेर पडला की 'काय, कुठे दौरा?' असं विचारणारे दोन-तीन जण भेटतातच. पत्र्या मारुतीपाशी एक, केळकर रस्त्यावर एक, लकडी पुलाकडे वळेपर्यंत आणखी एखादा. वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या, गल्लोगल्ली अभ्यासिका आणि मेस आल्या, तरी ही चौकशी टिकून आहे. अडीअडचणीला तिचा मोठा आधार असतो. रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत दुखलं तर शेजारचा मुलगा रिक्षा घेऊन दारात हजर होतो, दवाखान्यात डबा कुणी न्यायचा हे परस्पर ठरतं. मधुमेहाचं निदान झालं की आठवड्याभरात चार डॉक्टरांची नावं आणि दोन काढ्यांच्या कृती घरी येऊन पडतात.

दारूच्या आजाराचं तसं होत नाही. त्या घराचं दार लावून घेतलं जातं. बाटली पेठेतून आणायची नसते, ती नदीपलीकडून येते, आणि रिकामी झाली की वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीतून लांब कुठेतरी टाकली जाते. बायको ऑफिसला फोन करून 'यांना ताप आलाय' असं महिन्यात दुसऱ्यांदा सांगते. शेजाऱ्यांना सगळं ठाऊक असतं, कारण जिन्यात अडखळणारी पावलं भिंतीपलीकडे ऐकू जातात. पण बोलायचं कुणी? बोलणं म्हणजे त्या घराची अब्रू काढणं, असं सगळ्यांनीच धरून चाललेलं असतं. ज्या वस्तीत बारसं, मुंज आणि तेराव्याचा स्वयंपाकही शेजारणींच्या हातांनी होतो, तिथे हा एक आजार माणसाने एकट्याने भोगायचा आणि त्यातून बरंही एकट्यानेच व्हायचं. शपथ घेऊन. देवासमोर, वडिलांच्या फोटोसमोर, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून.

या शपथा खोट्या नसतात. घेताना माणूस मनापासून घेतो आणि त्या रात्री त्याला खरंच वाटत असतं की आता संपलं. पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याच्या शरीराने दारू हा आपला नित्याचा भाग करून घेतलेला असतो. ती अचानक थांबली की हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते. काहींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास सुरू होतात, दिवस-रात्रीचं भान राहत नाही, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने दारू बंद करायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. घरच्या शपथेत हे कुणी सांगत नाही. तिसऱ्या दिवशी तो थरथरत्या हाताने पुन्हा बाटली उघडतो तेव्हा घरात एवढंच म्हटलं जातं की याच्या शब्दाला किंमत नाही.

दारूशी या पेठेचं वैर जुनं आहे. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते तेव्हा, १८८० साली, शहरात दारूची दुकानं उघडू देण्याविरुद्ध त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहिलं होतं. पुढे १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहू लागले, गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवू लागले, आणि त्याबद्दल शिक्षाही भोगू लागले. त्या चळवळीमागे लोकमान्य टिळक आणि 'केसरी' होते. म्हणजे तिची सूत्रं नारायण पेठेतल्या गायकवाड वाड्यातून, आजच्या केसरीवाड्यातून हलत होती. त्याच वर्षीच्या जूनमध्ये टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात अटक झाली आणि पुढची वर्षं मंडालेत गेली. या दोन्ही प्रयत्नांचा रोख दुकानावर आणि सरकारच्या महसुलावर होता. तो योग्यच होता. पुढे दारूबंदी कायदा १९४९ साली झाला, तो अजूनही पुस्तकात आहे, आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात स्त्रियांनी आणि कार्यकर्त्यांनी लढून १९९३ मध्ये बंदी मिळवली. पण दुकानाच्या दारातून परत फिरवलेला तो माणूस घरी जाऊन काय करत होता? उद्या सकाळी त्याचे हात कापले तर त्याने कुणाकडे जायचं होतं? हा प्रश्न तेव्हा कुणी फारसा विचारला नव्हता.

विचारला होता तो एका नाटककाराने. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि त्यानंतर महिन्याभरातच 'एकच प्याला' बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. सुधाकर हा हुशार वकील. कोर्टात झालेल्या अपमानानंतर तळीराम त्याच्या हातात पहिला पेला देतो, आणि मग संसाराची राखरांगोळी होते, हे महाराष्ट्राला पाठ आहे. या नाटकात 'आर्य मदिरा मंडळ' नावाची पिणाऱ्यांची एक मंडळी आहे. तिथले संवाद ऐकून प्रेक्षक हसतात, पण गडकऱ्यांना तिथे फार नेमकं काही दिसलं होतं. माणूस पितो तो पुष्कळदा मंडळीत पितो. तिथे त्याला कुणी तुच्छ लेखत नाही, तिथे त्याची सगळी रडगाणी ऐकून घेतली जातात. सुधाकर मध्येच दारू सोडायचं ठरवतो, तेव्हा त्याच्या नशिबी येतात ते नकार आणि टोमणे. सुटण्याच्या वाटेवर त्याला मंडळी भेटत नाही. जीव टाकणारी बायको आहे, जिवाभावाचा मित्र रामलाल आहे, पण 'मीही यातून गेलोय' असं म्हणणारा एकही माणूस संपूर्ण नाटकात नाही. सुधाकर पुन्हा पेल्याकडे वळतो. गडकऱ्यांच्या काळात तसा माणूस कुठून आणायचा हा प्रश्नच होता, कारण तशा माणसांनी एकत्र बसायची रीत अजून जगात कुठे रुजलेली नव्हती.

ती रुजायला आणखी सोळा वर्षं जायची होती, आणि तेही अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन नावाच्या, टायरच्या कारखान्यांच्या गावात. १९३५ चा मे महिना. शेअरबाजारात काम करणारा बिल विल्सन एका व्यवहारासाठी तिथे आला होता आणि व्यवहार फसला होता. दारू सोडून त्याला पाचेक महिने झाले होते. हॉटेलच्या दिवाणखान्यात एका बाजूला बार, तिथून हसण्या-खिदळण्याचा आवाज येत होता, आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने तिथल्या चर्चची यादी बघून फोन करायला सुरुवात केली. मागणी एकच होती: या गावातला एखादा दारुडा मला भेटवा. मागच्या काही महिन्यांत त्याने न्यूयॉर्कमध्ये अनेक पिणाऱ्यांना सुधारायचा प्रयत्न केला होता आणि एकही सुधारला नव्हता. पण त्या धडपडीत तो स्वतः मात्र प्यायला नव्हता. ते त्याला त्या संध्याकाळी लख्ख आठवलं. फोनवरून फोन जुळत गेले आणि दुसऱ्या दिवशी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. डॉक्टर दारूने पार खंगले होते, बायकोच्या आग्रहाने आले होते आणि पंधरा मिनिटंच थांबणार होते. ते सहा तासांहून जास्त बसले. विल्सनने उपदेश केला नाही, स्वतःची कहाणी सांगितली. डॉक्टर शेवटचे प्यायले ते १० जून १९३५ ला, आणि तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चा, म्हणजे 'ए.ए.'चा जन्मदिवस मानला जातो.

आज जगभर चालणाऱ्या त्या सभांचं मर्म अजूनही त्या फोनमध्येच आहे, असं या लेखकाला वाटतं. मदत मागायला निघालेला माणूस मदत करणारा शोधत नव्हता. तो आपल्यासारखाच बुडणारा शोधत होता.

भारतात ही चळवळ आली १९५७ साली, आणि तिचा पहिला तळ पडला तो मुंबईत. महाराष्ट्रात ती आता शहरांपुरती राहिलेली नाही, तालुक्याच्या गावीही मराठीतून सभा चालतात. तिचे नियम मुद्दाम कमी ठेवलेले आहेत. दारू सोडायची इच्छा असली की माणूस सभासद. फी नाही, फॉर्म नाही, हजेरीपुस्तक नाही. संस्था बाहेरची देणगी घेत नाही. सुरुवातीच्या दिवसांत रॉकफेलरसारख्या धनाढ्याकडे पैसे मागितले गेले होते, तेव्हा त्याने थोडीच मदत केली आणि फार पैसा आला तर हे काम बिघडेल असं बजावलं, हा इतिहास जुने सभासद आवर्जून सांगतात. पूर्ण नाव सांगायचं बंधन नाही. सभेत ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही.

नारायण पेठेतल्या माणसासाठी हा शेवटचा नियम सगळ्यात मोलाचा. तरीही पहिल्या सभेला तो शक्यतो जवळच्या ठिकाणी जात नाही. कॅम्पात, पिंपरीत, कुठेतरी लांब जातो, जिथे कुणी ओळखीचं भेटायची शक्यता कमी. त्यात काही चूक नाही. पुण्यात वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या वारी आणि वेगवेगळ्या भाषांत सभा भरतात, त्यामुळे ज्याला जिथे मोकळं वाटेल तिथे त्याने जावं. 'ए.ए.'ला सहसा स्वतःची वास्तू नसते. संध्याकाळी मोकळा झालेला शाळेचा वर्ग, चर्चचं सभागृह, एखादं समाजमंदिर, अशी जागा तास-दीड तासासाठी घेतली जाते. आत जाण्याआधी तो रस्त्याच्या पलीकडे उभा राहून दाराकडे बघत राहतो. कधी त्या दिवशी तसाच घरी परततो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. जुने सभासद अशा माणसाला लांबूनच ओळखतात. त्यांच्यातला एखादा बाहेर येऊन विचारतो, 'मीटिंगला आलात ना? चहा झालाय, या.'

आत बघण्यासारखं फार काही नसतं. दोन कापडी फलक भिंतीला टांगलेले, एकावर 'ए.ए.'च्या व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्या, दुसऱ्यावर तिच्या बारा परंपरा. शाळेचा वर्ग असला तर ते फळ्यावरच्या खिळ्यांना सुतळीने बांधलेले असतात आणि खालून सकाळच्या तासाचं अर्धवट पुसलेलं गणित दिसत असतं. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे आखडून बसलेली मोठी माणसं: रिक्षावाला, बँकेतून निवृत्त झालेला अधिकारी, डोक्यावर टोपी आणि अंगात इस्त्रीचा सदरा घातलेले आजोबा, पाठीवर लॅपटॉपची पिशवी घेतलेला तरुण. टेबलावर पुस्तकं, पाण्याचा तांब्या, आणि सभा संपताना फिरवायची एक कापडी पिशवी. त्या पिशवीत कुणी दहा रुपये टाकतो, कुणी नुसताच हात घालून बाहेर काढतो. कुणी किती टाकले हे कुणाला दिसू नये म्हणून तर ती पिशवी असते. त्यावर जागेचं भाडं आणि चहा भागतो.

मग एकेक जण पुढे येऊन बोलतो. 'माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे.' एवढं म्हटलं की बाकीचे एका आवाजात त्याला नमस्कार करतात. त्यानंतर तो जे बोलतो त्याला इथे 'शेअरिंग' म्हणतात. पहिली क्वार्टर कधी, ती खंब्यापर्यंत कशी गेली, बहिणीच्या लग्नात काय तमाशा केला, मुलीच्या फीचे पैसे कुठे गेले, आणि आज किती दिवस झाले. मध्ये कुणी बोलत नाही. सल्ला देत नाही, 'अहो पण तुम्ही असं करायला हवं होतं' असं म्हणत नाही. ज्या समाजात न मागितलेला सल्ला हा शेजारधर्म समजला जातो, त्यात वाढलेल्या माणसाला ही शांतता सुरुवातीला जड जाते. सर्वांसमोर बोलणं भाग नसतं. महिना महिना नुसते ऐकत बसणारे असतात. ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात येतं की बाटली कपाटात कुठे लपवायची याची जी युक्ती आपण आपलीच समजत होतो, ती या खोलीतल्या निम्म्या लोकांनी वापरलेली आहे. माणूस पहिल्यांदा हसतो तो बहुधा तेव्हाच. कित्येक वर्षांत तो शुद्धीवर असताना चारचौघांत हसलेला नसतो.

हे सगळं भावनेच्या भरात म्हटलेलं नाही. 'ए.ए.' आणि तिच्या बारा पायऱ्यांवर आधारलेल्या उपचारांचा कितपत उपयोग होतो, याचा कोक्रेन या नामांकित संस्थेने २०२० साली आढावा घेतला. २७ अभ्यास आणि दहा हजारांवर रुग्ण त्यात होते. दारूपासून संपूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत हे उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांच्या तोडीचे, आणि पुष्कळदा त्यांच्याहून सरस ठरले. वर्षभरानंतर पूर्ण दारूमुक्त असणाऱ्यांचं प्रमाण या उपचारांत सुमारे ४२ टक्के, तर इतर उपचारांत ३५ टक्के होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक तरीही कधी ना कधी घसरले. हा आकडा निराश करणारा वाटेल, पण ज्यांनी या आजाराची घरं पाहिली आहेत त्यांना ४२ हा आकडा फार मोठा वाटतो.

सगळ्यांना 'ए.ए.' रुचते असं नाही. बारा पायऱ्यांत परमेश्वराचा उल्लेख आहे, 'जसा तो तुम्हाला उमगला असेल तसा' अशी मोकळीक असली तरी आहे. बुद्धिवादाच्या आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळी ज्या शहरात वाढल्या तिथे काही जण तेवढ्यावर अडतात. अशांनी अडून बसू नये, कारण पुण्यात दुसरी वाटही आहे आणि ती इथल्याच मातीतली आहे.

ती वाट म्हणजे मुक्तांगण. एका ओळखीच्या घरातला मुलगा गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या आहारी गेल्याचं कळल्यावर लेखक अनिल अवचट त्या विषयाच्या मागे लागले आणि त्यांनी त्यावर लिहिलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. त्यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि काहीतरी सुरू करा म्हणाले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट, म्हणजे सुनंदाताई, तेव्हा येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं. सुरुवात गर्दुल्ल्यांसाठी झाली, पण दारूचे रुग्णही येत राहिले. सुनंदाताईंना तिथे सगळे 'मोठ्या मॅडम' म्हणत. त्यांनी येणाऱ्याला गुन्हेगार मानलं नाही आणि निव्वळ रुग्णही मानलं नाही. तिथला शब्द 'रुग्णमित्र' असा आहे. आणि जे बरे झाले त्यातल्या कित्येकांना त्यांनी तिथेच कामाला लावलं. कालपर्यंत स्वतः भरती असलेला माणूस आज नव्याने आलेल्याच्या खाटेशेजारी बसतो, त्याला उलटी होताना पाठीवर हात फिरवतो. अ‍ॅक्रनमध्ये योगायोगाने जे घडलं होतं ते येरवड्यात जाणीवपूर्वक कामाची रीत म्हणून बसवलं गेलं. सुनंदाताई १९९७ मध्ये कर्करोगाने गेल्या, अवचट २०२२ च्या जानेवारीत गेले. मुलगी मुक्ता पुणतांबेकर हे काम पुढे चालवतात.

मुक्तांगणमध्ये भरती होणं हा उपचाराचा एक भाग झाला, पाच आठवड्यांचा. खरी कसोटी त्यानंतर लागते. माणूस पेठेतल्या त्याच घरी, त्याच जिन्यावर, त्याच मित्रांत परततो. म्हणून नंतरच्या पाठपुराव्याच्या बैठका तिथे महत्त्वाच्या मानतात, आणि व्यसनमुक्तीचा वाढदिवसही साजरा होतो. एक वर्ष झालं, पाच झाली, वीस झाली. पन्नाशीचा माणूस पहिल्या वाढदिवसाला बायको-मुलांसह उभा राहतो तेव्हा समोर त्याच आठवड्यात भरती झालेला, डोळे सुजलेला कुणीतरी बसलेला असतो. त्याच्यासाठी हा समारंभ मोलाचा असतो, कारण असं होऊ शकतं हे त्याला समोर दिसतं.

बायकोचा विषय निघालाच आहे. 'एकच प्याला'तली सिंधू शंभर वर्षं मराठी प्रेक्षकांना रडवत आली आहे. बालगंधर्वांनी तिला अमर केलं. पण तिच्या सोसण्याची आपण जी पूजा बांधली ती आता पुरे करायला हवी, असं इथे स्पष्ट म्हणावंसं वाटतं. नवऱ्याची चूक पदराआड घालणारी, त्याची उधारी फेडणारी, ऑफिसला खोटा ताप कळवणारी बाई नकळत त्याच्या दारूची मुदत वाढवते, आणि स्वतः आतून खचते. मुक्तांगणने अशा बायकांसाठी 'सहचरी' हा गट सुरू केला. 'ए.ए.'च्या बाजूने विल्सनची पत्नी लॉइस हिने १९५१ मध्ये कुटुंबीयांसाठी 'अल-अनॉन'ची स्थापना केली, तिच्याही सभा आपल्याकडे होतात. तिथे बायकांना कळतं की त्याची दारू आपल्यामुळे सुरू झालेली नाही आणि आपल्या रडण्याने थांबणारही नाही. सासूने 'तुलाच नवरा सांभाळता आला नाही' असं ऐकवलेलं असतं, ते ओझं पहिल्यांदा तिथे उतरतं. नवरा सभेला जायला तयार नसला तरी तिने जावं. पुष्कळ घरांत आधी ती जाऊ लागते आणि मग काही महिन्यांनी तो विचारतो, 'तुम्ही तिथे करता तरी काय?'

पिणाऱ्या बाईची अवस्था याहून अवघड. तिच्यासाठी तर पेठेत शब्दसुद्धा नसतो. घरचे तिला उपचाराला नेण्यापेक्षा माहेरी पाठवणं पसंत करतात. मुक्तांगणने स्त्रियांसाठी 'निशिगंध' हे स्वतंत्र केंद्र काढलं, ते याचसाठी.

सोबतीने व्यसन सोडवण्याची रीत महाराष्ट्राला अगदीच परकी नव्हती, हेही सांगायला हवं. खेड्यापाड्यांत दारूत बुडालेल्या माणसाला वारकरी मंडळी गळ्यात तुळशीची माळ घालतात. माळ घातली की दारू आणि मांसाहार बंद. पण नुसती माळ काम करत नाही. एकादशीचं भजन, आषाढीची दिंडी, रोजचा हरिपाठ, आणि 'माळकरी आहेस, सांभाळ' म्हणणारी गावची चार माणसं, ही सगळी त्या माळेमागे उभी असतात. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर श्रोत्यांच्या तोंडून वदवून घेत, दारूबद्दलही. ज्या घराण्यात वारी आहे त्याला ही वाट आजही खुली आहे. शहरात मात्र दिंडी वर्षातून एकदा येते आणि दोन दिवसांनी पुढे जाते. इथे आठवड्यातल्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता काय, हा प्रश्न असतो, आणि त्याला उत्तर द्यायला सभा लागते.

नारायण पेठेत आता दोन प्रकारची माणसं बरीच एकटी आहेत. मुलं परदेशी असलेले वयस्क, आणि स्पर्धा परीक्षांसाठी बाहेरगावाहून आलेले तरुण. आठ बाय दहाच्या खोलीत तीन कॉट, सकाळपासून रात्रीपर्यंत अभ्यासिका, दोनदा-तीनदा हुकलेला निकाल, गावाकडून येणारा 'काय झालं रे?' असा फोन. निकालाच्या रात्री कुणीतरी बाटली आणतो. बहुतेकांची ती रात्र तिथेच संपते, काहींची संपत नाही. पंचविशीतल्या मुलाला आपण 'अल्कोहोलिक' असू शकतो हे पटत नाही, कारण त्याच्या डोक्यातला दारुडा गटारात पडलेला, पन्नाशीचा असतो. अशा मुलासाठी एक सोपी खूण आहे: दोनच घेईन असं ठरवून बसल्यावर दोनवर थांबता येतं का? पुन्हापुन्हा येत नसेल तर वय विचारात घ्यायचं कारण नाही.

एम्सच्या तज्ज्ञांनी केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या साडेपाच कोटींहून अधिक लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे जेमतेम एकाला कुठल्याही प्रकारचा उपचार मिळतो. बाकीचे सदतीस आपापल्या घरात शपथा घेत असतात.

सभेला जाऊ लागलेला माणूसही घसरतो. तिथल्या बोलीत 'स्लिप झाली' म्हणतात. सहा महिने, कधी सहा वर्षं कोरडी गेल्यावर एखाद्या लग्नात, एखाद्या मयतानंतर, कधी अगदी बढती मिळाल्याच्या आनंदात तो पहिला पेला उचलला जातो. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार गोष्टींपासून जपा, असं जुने सभासद सांगतात, पण चारही एकाच दिवशी येऊन उभ्या ठाकतात तेव्हा आठवण राहत नाही. घरी अशा वेळी 'वाटलंच होतं' असं म्हटलं जातं. सभेत तसं म्हटलं जात नाही. खाली मान घालून दारात आलेल्या माणसाला पुन्हा तोच चहा मिळतो, आणि तो 'आज माझा पहिला दिवस' म्हणतो तेव्हा वीस वर्षं कोरडा राहिलेला माणूसही उठून त्याच्याजवळ जातो, कारण तोही फक्त आजचाच दिवस मोजत असतो. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग आणि सभागृहं बंद झाली तेव्हा या मंडळींनी मोबाईलच्या पडद्यावर सभा भरवल्या. ४ मे रोजी दारूची दुकानं उघडली आणि शहराशहरांत रांगा लागल्या, त्या दिवशीही या सभा भरल्या असतील यात शंका नाही. अशा काही सभा अजून सुरू आहेत. जिन्यात कुणी बघेल म्हणून घराबाहेर न पडणाऱ्याला त्यातून सुरुवात करता येते. पण तिथेच थांबू नये. समोर बसलेल्या माणसाच्या हाताचं कापणं थांबलेलं दिसायला त्याच खोलीत बसावं लागतं.

आपल्या इमारतीत, आपल्या घरात असा कुणी असेल तर त्याच्याकडून आणखी एक शपथ मागू नका. आधी त्याला डॉक्टरांकडे न्या आणि तो रोज किती पितो हे खरं सांगा. केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत मदतवाहिनी आहे, तिथे जवळच्या उपचारकेंद्राची माहिती मिळते. मुक्तांगण येरवड्यात, आळंदी रस्त्यावर आहे. 'ए.ए.'च्या जवळच्या सभेची चौकशी करा आणि शक्य असेल तर पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर दारापर्यंत जा. परत येताना आत काय बोलणं झालं ते विचारू नका. आणि तुम्हालाही आत बसायचं असेल तर खुली सभा कधी असते ते विचारून घ्या, तिथे घरच्यांना आणि मित्रांनाही बसता येतं.